सतरा नंबरची सफाई

शाळेचा संगणक स्वच्छ केल्याबद्दल माझ्याकडून लेखी खुलासा मागवण्यात आला आहे. माझी नोकरी एकतीस वर्षं झाली. या काळात मी उशिरा आलो, रजेचे अर्ज मागाहून दिले, एकदा तर सहामाहीला आदल्या वर्षीचीच प्रश्नपत्रिका जशीच्या तशी दिली. त्याबद्दल मला कुणी चकार शब्दाने विचारलं नाही. विचारलं ते स्वच्छतेबद्दल. ट्रस्टच्या कार्यालयाने खुलाशासाठी छापील कागद दिला आहे, त्यात लिहायला जागा अर्धं पान. माझं नाव, हुद्दा आणि 'मी दिलगीर आहे' एवढ्यातच ती संपते. उरलेलं इथे लिहितो.

मी वाल्मिक सर. सुरतच्या लिंबायतमध्ये एका ट्रस्टच्या शाळेत शिकवतो. इमारत एक, पाळ्या दोन. सकाळी मराठी, दुपारी गुजराती. सकाळच्या पाळीचा मी इन्चार्ज आचार्य आहे, म्हणजे मुख्याध्यापकांनी करायची सगळी कामं करणारा साधा शिक्षक. बाक, फळे, पाण्याची टाकी, घंटा हे सगळं दोन्ही पाळ्यांचं सामाईक. फक्त संगणक आमचा. आमच्याच शाळेत शिकून पुढे लूमचा कारखानदार झालेल्या एका माणसाने तो मराठी पाळीच्या मुलांसाठी म्हणून दिला. पांढऱ्या पत्र्याचा डबा, सुटे भाग जोडून बनवलेला. त्यामुळे त्याच्यावर कंपनीचं नाव नाही आणि कारखान्याचा क्रमांकही नाही. मागच्या बाजूला लाल ऑइलपेंटने 'म. पा. १७' लिहिलेलं होतं. म. पा. म्हणजे मराठी पाळी, आणि सतरा हा डेड स्टॉक रजिस्टरमधला क्रमांक. सोळा नंबरला मोडकी घंटा आहे आणि अठराला एक पृथ्वीगोल, ज्याच्यावरचा आफ्रिका खंड उंदरांनी खाल्ला आहे.

या संगणकावर पाचवी ते आठवीची त्रेचाळीस मुलं मराठी टाइप करायला शिकतात. यंदा आठवीच्या मुलांनी भिंतीवर लावायचा अंक हातानं न लिहिता टाइप करायचं ठरवलं. प्रत्येकाने एक पान, घरातल्या कुणा एका माणसाबद्दल. दीप्ती नावाच्या मुलीने आजोबांचा विषय घेतला. तिचे आजोबा रामजी रेल्वेच्या कामावर सुरतला आले, ते इथलेच झाले, आणि गेल्या उन्हाळ्यात वारले. दीप्ती उजव्या हाताच्या एकाच बोटाने टाइप करते. अर्धं पान व्हायला तिला अकरा तास लागले. घड्याळाचे नव्हेत, शाळेचे. पण त्यातही दोष तिच्या बोटाचा नव्हता, संगणकाचा होता. वीस मिनिटं चालला की आतला पंखा रिक्षासारखा ओरडायचा आणि पडदा काळा व्हायचा.

कारण उघड होतं. आमच्या खिडक्या ज्या गल्लीत उघडतात तिथे दोन्ही बाजूंना लूमची खाती आहेत. खातं म्हणजे कारखाना. दिवसभर धाग्याची बारीक लव हवेत असते. ती जेवणाच्या डब्यात बसते, चहाच्या सायीवर बसते, माझ्या भुवयांवर बसते. संगणकाच्या आत तर तिने गादीच घातली होती.

ऑक्टोबरात ट्रस्टचं परिपत्रक आलं. दिवाळीनंतर तपासणी होणार. प्रत्येक यंत्र सलग एक तास चालवून पाहिलं जाईल. जे चालणार नाही ते ज्या पाळीला गरज आहे तिकडे वर्ग केलं जाईल. गुजराती पाळीचे आचार्य ठाकोरभाई यांनी परिपत्रक वाचून दाखवलं आणि माझ्याकडे पाहून हळहळले. ठाकोरभाई मनाने चांगले आहेत. तीन वर्षांपासून ते दर महिन्याला संगणकासाठी अर्ज करतात, पण आमचा संगणक हवा असं त्यांनी एकदाही लिहिलेलं नाही. फक्त 'उपलब्ध झाल्यास' असं लिहितात.

मी सरळमार्गी माणूस. दुरुस्तीवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, घेऊन या, अर्ध्या तासाचं काम. पण शाळेची वस्तू इमारतीबाहेर न्यायची तर परवानगी लागते. मी तीन प्रतींत अर्ज केला. उत्तर अकरा दिवसांनी आलं. यंत्र नादुरुस्त असल्याचं तपासणीत आढळलं तरच ते दुरुस्तीसाठी बाहेर नेता येईल. तपासणीत आढळलं की ते ठाकोरभाईंकडे जाणार, हे त्याच कार्यालयाने आधी कळवलं होतं. दोन्ही पत्रांवर सही एकाच माणसाची होती. मी ती पत्रं शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिली.

मग मी स्वतःच सफाई करायचं ठरवलं आणि ती शास्त्रशुद्ध करायची म्हणून माहिती काढली. आठ नियम निघाले. आधी यंत्र बंद करून प्लग काढावा. ओलं फडकं आत घालू नये. तोंडाने फुंकू नये, थुंकी उडते. घरातला धूळ ओढायचा पंप वापरू नये, त्याने आतल्या नाजूक भागांना विजेचा बारीक झटका बसतो. हात लावण्याआधी उघड्या पत्र्याला बोट टेकवावं. लव मऊ ब्रशने सुटी करावी. हवा थोडी थोडी, लांबून मारावी. आणि हवा मारताना पंखा पेन्सिलीने अडवून धरावा, मोकाट फिरू देऊ नये. मी हे आठही नियम आठवीच्या फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिले. या सगळ्या प्रकरणात त्यातला एकही नियम मी मोडलेला नाही, हे इथे नोंदवून ठेवतो, कारण खुलाशात त्याला जागा नाही.

अडचण हवेची होती. डब्यात भरून मिळणारी दाबाची हवा मागवायची तर खरेदीची परवानगी, म्हणजे पुन्हा तीन प्रती. चाळीत हा विषय निघाल्यावर सल्ल्यांचा पाऊस पडला. कुणी सायकलचा पंप म्हणालं, कुणी केस वाळवायचं यंत्र म्हणालं. जयश्री, म्हणजे माझी पत्नी, म्हणाली की चार दिवस पंख्याखाली उघडा ठेवा, आपोआप उडेल. एका म्हाताऱ्याने तर संगणकच नको असं मत दिलं. शेवटी निंबाभाऊ बोलला. निंबाभाऊ माझ्या खालच्या खोलीत राहतो आणि चाळीसमोरच्याच खात्यात लूम दुरुस्त करतो.

"सर, आमना खातामा लई या," तो म्हणाला. "आम्ही रोज मशीनवर हवा मारतस. दोन मिनिटमा चकाचक व्हई जाई."

हे मी रोज पाहतच होतो. पाळी सुटली की खात्यातले लोक कॉम्प्रेसरची नळी घेऊन आधी लूम झाडतात, मग एकमेकांचे शर्ट, मग डोकी. ज्या हवेने अख्खं लिंबायत घरी जाताना माणसात येतं, तिने एक संगणक साफ होणार नाही का? मला पटलं. माझ्या जागी धरणगावचा, म्हणजे माझ्या मूळ गावचा, दुसरा कुणीही असता तर त्यालाही पटलं असतं.

रविवारी सकाळी मी शाळा उघडली, संगणक गोधडीत गुंडाळला आणि मांडीवर घेऊन रिक्षात बसलो. अंतर चालत जाण्यासारखं होतं, पण इन्चार्ज आचार्याने शाळेची वस्तू विनापरवाना बाहेर नेताना चालत दिसू नये. रिक्षावाल्याने विचारलं, बाळ किती दिवसांचं? मी गोधडीचं टोक ओढून पत्रा झाकला. शाळेची वस्तू मी एकतीस वर्षांत पहिल्यांदाच अशी बाहेर नेत होतो.

खातं बंद होतं. निंबाभाऊने कॉम्प्रेसर चालू केला. मी डब्याची बाजू उघडली, पत्र्याला बोट टेकवलं, ब्रशने लव सुटी केली, पेन्सिलीने पंखा अडवला. शिक्षक असल्यामुळे मी प्रत्येक कृती मोठ्याने सांगून केली. मग निंबाभाऊला म्हणालो की थेट आत मारू नकोस, आधी बाहेरच्या पत्र्यावर मारून जोर पाहा. ही माझी दूरदृष्टी. त्याने नळी डब्याच्या बंद बाजूवर धरली आणि खटका दाबला. रात्रभर बंद असलेल्या नळीत पाणी आणि कॉम्प्रेसरचं तेल साचलेलं होतं. ते सगळं एका फवाऱ्यात पांढऱ्या पत्र्यावर आलं. ताटाएवढा तपकिरी डाग पडला आणि त्याचे ओघळ खाली आले.

"पाइपमा रातनं पानी व्हतं," निंबाभाऊ शांतपणे म्हणाला. "भायेरच उडनं. आते कोरडी हवा येई."

आणि खरंच कोरडी आली. आतली गादी उडाली. एवढी लव निघाली की तिची उशी झाली असती. घरी आणून चालू केला तर पंख्याचा आवाजच येईना. मी घड्याळ लावून बसलो. दोन तास झाले तरी यंत्र चालू. जयश्रीने न सांगता चहा केला. त्या दोन तासांत मी जितका सुखात होतो, तितका लग्नातही नव्हतो, आणि हे मी तिला सांगितलंही.

इथे थांबलो असतो तर ही गोष्ट लिहावी लागली नसती. पण तो डाग होता. शाळेत तेलाचा डाग कुठून येणार? डाग म्हणजे खातं, खातं म्हणजे विनापरवाना बाहेर नेणं. डाग जायलाच हवा होता.

आमच्या चाळीत डागाचा विषय निघाला की एकच नाव येतं, पुष्पाबाई. लूमवर विणलेल्या साड्यांना तेलाचे डाग पडतात, ते काढायचं काम त्या घरी आणतात. हातात पिस्तुलासारखी गन, तिच्यात उग्र वासाचं औषध. साडीवर बारीक धार सोडायची, डाग उडतो आणि मागे त्याची गोल कडाही राहत नाही. औषध पेट घेणारं असतं, म्हणून काम गॅलरीत करायचं. मी शेजारच्या तीन घरांतल्या शेगड्या बंद करवल्या, संगणकाचा प्लग काढलाच होता, झाकण घट्ट लावलं. सुरक्षिततेत कुठे म्हणून कसूर ठेवली नाही.

पुष्पाबाईंनी पदर खोचला. "अकरा वरीसमा मन्हा हातनी एक साडी परत उनी नही," त्या म्हणाल्या, आणि पाच मिनिटांत तो डाग नव्हता. नव्हता म्हणजे इतका नव्हता, की ती बाजू बाकीच्या डब्यापेक्षा ठळक पांढरी दिसू लागली. हे पाहून मला राहवेना. माणसाला एकदा सफाईची चटक लागली की लागली. मी म्हणालो, पुष्पाबाई, आता सगळाच करून टाका.

त्यांनी वरून केला, दुसरी बाजू केली, डबा फिरवून मागची बाजू करू लागल्या. थोड्या वेळाने त्यांनी हातातलं फडकं माझ्यापुढे धरलं. ते लाल झालं होतं.

"सर, हाई लाल काय निंघी ऱ्हायनं?"

आमच्याकडे दसऱ्याला लूमची पूजा होते. हार, नारळ, हळदकुंकू. ज्या वस्तूला वायर आहे त्या प्रत्येक वस्तूची होते. शिलाई मशीन, पंखा, रिक्षा. शाळेतल्या संगणकाचीही मीच दर दसऱ्याला करतो. चार दसऱ्यांचं कुंकू त्याच्या अंगावर होतं. त्यामुळे मी पूर्ण आत्मविश्वासाने सांगितलं, "दसऱ्याचं कुंकू असेल."

"कुंकू आसं चिकट ऱ्हास का?" पुष्पाबाई म्हणाल्या.

मी म्हणालो की जुनं झालं की चिकट होतं. शाळेत एखाद्या पोराने असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. पण पुष्पाबाई मला सर म्हणतात. सर म्हणतात ते खरंच असणार असं धरून त्यांनी पुसून टाकलं. मी संध्याकाळी डबा शाळेत नेऊन टेबलावर ठेवला. पाठ भिंतीकडे केली आणि घरी येऊन शांत झोपलो.

तपासणीला ट्रस्टचे एक साहेब आले. बरोबर रजिस्टर होतं आणि ठाकोरभाई होते. मी संगणक चालू केला. एक तास चालला. मुलं पाळीपाळीने टाइप करत होती. दीप्तीने आजोबांच्या पानात दोन ओळी वाढवल्या. साहेबांनी घड्याळ पाहिलं, मान हलवली आणि म्हणाले, आता जरा फिरवा. मी फिरवला. पाठ कोरी होती. एखाद्या नव्या भांड्यासारखी लखलखत होती.

पुष्पाबाईंच्या फडक्यावरचा लाल चिकट रंग मला त्या क्षणी समजला.

साहेबांनी रजिस्टर वाचलं. सतरा, संगणक, नग एक, मागील बाजूस लाल रंगात क्रमांक. मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो की हाच तो. ते म्हणाले, कशावरून? मी म्हणालो, सगळी शाळा ओळखते. ते म्हणाले की रजिस्टर ओळखत नाही. मी म्हणालो, आत पाहा, मुलांची नावं आहेत, त्यांची पानं आहेत, यंदाचा अंक आहे.

"अंदर का हमको नहीं देखना," साहेब म्हणाले. "स्टॉक बाहर से होता है."

मी ब्रश आणि लाल रंग आणतो, आत्ता क्रमांक घालतो म्हणालो, तर त्यांनी ती खाडाखोड ठरेल असं बजावलं. क्रमांक गेला कसा, हे त्यांनी विचारलं. खरं सांगायचं तर पुष्पाबाईंपासून सुरुवात करून निंबाभाऊपर्यंत आणि तिथून गोधडीपर्यंत जावं लागलं असतं. मी सांगितलं की सफाई करताना गेला. साहेबांना हे मुळीच पटलं नाही. धूळ असती तर ओळखला असता, असं ते म्हणाले. तुमच्या रजिस्टरातल्या सगळ्या वस्तूंवर धूळ आहे, एवढ्याचवर नाही, म्हणजे हा तुमचा कसा?

त्यांनी दोन नोंदी केल्या. एक, सतरा क्रमांकाचा संगणक गहाळ. इन्चार्ज आचार्यांकडून खुलासा घ्यावा. दोन, तपासणीत एक बिननंबरी संगणक चालू स्थितीत मिळाला; गरज असलेल्या पाळीला द्यावा. गरज असलेल्या पाळीचा अर्ज ठाकोरभाईंच्या खिशातच होता. जो माझा हरवला तोच मला सापडला, आणि सापडलेल्याच्या कागदावर 'उत्तम, धूळरहित' या शेऱ्याखाली साक्षीदार म्हणून मीच सही केली.

ठाकोरभाईंनी जाताना माझा हात धरला. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

"वाल्मिकभाई, आ तो तमारुं ज छे," ते म्हणाले. "पण चोपडे नथी."

चोपडा म्हणजे तेच रजिस्टर. माझंच आहे, फक्त तिथे नाही. याहून स्वच्छ शब्दांत कुणी सांगू शकलं नसतं.

संगणक कुठेही गेलेला नाही. त्याच खोलीत, त्याच टेबलावर आहे, एक इंचही हललेला नाही. ठाकोरभाईंनी त्याच्यावर लाकडी पेटी करून घेतली आहे आणि तिला कुलूप आहे. दुपारी बाराला ते उघडतं, संध्याकाळी लागतं. सकाळी आमची त्रेचाळीस मुलं पेटीकडे तोंड करून बसतात आणि मी फळ्यावर कळफलक काढून त्यांना टाइप शिकवतो. घरी जयश्री म्हणाली की डागच ठेवला असता तर काय बिघडलं असतं. मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही, कारण तिचं बरोबर होतं. निंबाभाऊला मी काही सांगितलेलं नाही. पुष्पाबाईंनाही सांगणार नाही. अकरा वर्षांत त्यांच्या हातची पहिली वस्तू परत आली, हे त्यांना कळून काय उपयोग?

दीप्तीने पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, माझं अर्धं राहिलंय. ते पुसतील का?"

मी ठाकोरभाईंना विचारलं. ते म्हणाले, पुसणार नाही, पण यंत्रच बंद पडलं तर माझ्या हातात काय आहे? पान काढून द्यायला मात्र ते तयार झाले नाहीत. संगणकातलं काही बाहेर द्यायचं तर परवानगी लागते.

खिडक्या तिथेच आहेत. गल्लीतली लवही तशीच येते. लाकडी पेटीच्या मागे दोन बोटं रुंद फट आहे, आणि नेमका तिच्यासमोर संगणकाचा पंखा आहे. दुपारी आत काय साचलं ते सकाळी त्या फटीतून दिसतं. तपासणीच्या संध्याकाळी, परवानगी मिळालीच तर क्रमांक घालायला म्हणून, मी नवा मऊ ब्रश आणला होता, तो रंगाला न लागता तसाच राहिला. आता रोज सकाळी घंटा होण्याआधी मी खोलीचं दार लोटतो, पत्र्याला बोट टेकवतो, फटीतून पेन्सिल घालून पंखा अडवतो आणि त्या ब्रशने जाळीवरची लव काढतो. विनापरवाना, दुसऱ्या पाळीच्या वस्तूला हात लावून. यापुढे शाळेची कोणतीही वस्तू मी स्वच्छ करणार नाही, असं खुलाशाच्या शेवटी छापलेलंच आहे आणि त्याखाली काल मी सही केली.

दीप्ती एप्रिलात आठवी पास होऊन जाईल. तिला मी सांगितलं आहे की तुझं अर्धं पान आत नीट आहे, पुढचं वहीत लिहायला घे. तिने घेतलं आहे. आजोबा सुरत स्टेशनावर उतरले तिथून.